हिल्डेगुंडच्या दोन आज्या

माझं नाव चारचौघांत पहिल्यांदा मोठ्यानं घेतलं ते निर्मला खेडकर बाईंनी, मलकापूरच्या शाळेत, पाचवीच्या हजेरीत. माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे असं विचारलं तर मी त्यांचंच नाव सांगेन. पण आधी त्या हजेरीबद्दल सांगायला हवं.

माझं नाव गुलाब. हे माझ्या आजोबांचं नाव. आमच्याकडे थोरल्या नातवाला आजोबांचं नाव ठेवतात, आणि सुनेनं सासऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नसतं. दोन्ही रीती एकाच घरात पाळल्या की जे होतं ते माझं झालं. आई मला 'बापू' म्हणायची. आई म्हणते म्हणून गल्ली म्हणायची, गल्ली म्हणते म्हणून चौथीपर्यंतचे गुरुजीही म्हणायचे. आई फुलालाही गुलाब म्हणायची नाही, 'लाल फूल' म्हणायची. लग्नाच्या पंगतीत गुलाबजाम आले की ती वाढप्याला सांगायची, "बापूच्या ताटात ते पाकातले गोळे टाका अजून दोन."

तर पाचवीच्या पहिल्या दिवशी नव्या बाईंनी हजेरीत "गुलाब इंगळे" म्हटलं आणि मी गप्प बसून राहिलो. आपल्याला हाक मारली आहे हे माझ्या लक्षातच आलं नाही. शेजारच्या पोरानं कोपर मारलं. वर्गात खसखस पिकली. बाईंनी मान वर केली, मला शोधून काढलं आणि पुन्हा तेच नाव घेतलं, सावकाश.

"तूच ना? मग हजर म्हण. नाव तुझं आहे, लाजतोस काय?"

बाई आठवीपासून संस्कृत शिकवायच्या. लग्नाआधी पुण्याला असताना त्या जर्मन शिकल्या होत्या. मलकापुरात त्या जर्मनचा कुणालाही काहीही उपयोग नव्हता, त्यांनाही नव्हता. मला भाषा लवकर येते हे दिसल्यावर त्यांनी मला संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर बसवून जर्मन शिकवायला सुरुवात केली. मला वाटतं, ती भाषा कुणाशी तरी बोलायला त्यांनाही हवी होती. दहावी झाल्यावर वडिलांनी मला ते कामाला होते त्याच कापसाच्या जिनिंग फॅक्टरीत चिकटवायचं ठरवलं होतं. बाई घरी आल्या, आमच्या खाटेवर बसल्या आणि वडिलांना म्हणाल्या, "दोन वर्षं मला द्या. नाही जमलं, तर मीच त्याला जिनिंगच्या फाटकावर आणून सोडते." वडिलांनी आयुष्यात कुणाही बाईमाणसाशी वाद घातला नव्हता. माझं कॉलेज असं सुरू झालं. आमच्या घरातलं ते पहिलंच.

बाईंची आणखी एक आठवण इथेच सांगून ठेवतो. एकदा समास शिकवताना 'निर्मला' या शब्दाचा विग्रह फळ्यावर लिहून त्या सहज म्हणाल्या, "हे माझं तांदळातलं नाव बरं का." लग्नात ताटामध्ये तांदूळ पसरून त्यावर अंगठीनं नवरीचं नवं नाव लिहितात, ते. मग त्या हसल्या आणि त्यांनी फळा पुसला. आधीचं नाव काय होतं, हे आमच्यापैकी कुणीच विचारलं नाही.

यंदा उन्हाळ्यात मी नोकरीतून निवृत्त झालो. मिशिगनमध्ये ॲन आर्बरला एका विद्यापीठात व्यक्तिनावांच्या कोशाचं काम चालतं, तिथे मी तीसेक वर्षं होतो. माझ्याकडे प्राचीन जर्मानिक नावं होती. म्हणजे विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड, हेन्री, ॲलिस, एमा यांचे पणजोबा-पणज्या. इथल्या दिवाळीच्या कार्यक्रमांत मला दर वर्षी कुणीतरी विचारायचं की मी नक्की करतो काय. एक निवृत्त हृदयरोगतज्ज्ञ काका तर दर वेळी नव्यानं चकित व्हायचे. "म्हणजे बघ, गोऱ्यांना त्यांच्याच नावांचा अर्थ मलकापूरचा गुलाब सांगणार? कमाल आहे यार." त्यात कौतुक किती आणि शंका किती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

काम असं असतं. एखादं नाव सगळ्यात आधी कुठे लिहिलेलं सापडतं ते शोधायचं: दानपत्रात, थडग्याच्या दगडावर, किंवा मठांमधल्या जुन्या याद्यांत. या याद्या मला सगळ्यात आवडत. ज्यांच्यासाठी प्रार्थना करायची त्या जिवंत आणि मेलेल्या माणसांची नावं साधू लोक तिथे उतरवून ठेवत, घरंच्या घरं एकाखाली एक. ही जुनी नावं बहुतेक दोन तुकड्यांची असतात. रॉबर्टमध्ये कीर्ती आणि तेज आहे, विल्यममध्ये इच्छा आणि शिरस्त्राण आहे, गर्ट्रूडमध्ये भाला आणि बळ आहे.

इथे मी पहिल्या वर्षी फार वाहवलो होतो. बाईंनी शिकवलेले समास डोक्यात पक्के होते, त्यामुळे दिसलं नाव की सोडव विग्रह, असं माझं चालायचं. 'भाल्यासारखं बळ जिचं ती.' माझे तेव्हाचे वरिष्ठ वॉल्टर हे फार कमी बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी माझी टिपणं वाचली आणि माझ्यासमोर एक नाव ठेवलं: फ्रेडेगुंड. फ्रिड म्हणजे शांतता, गुंड म्हणजे युद्ध. म्हणाले, सोडव आता.

मी दोन दिवस त्या नावाशी झुंजलो. 'युद्धानंतर शांतता आणणारी' वगैरे लिहून नेलं. त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि एका मठाच्या यादीतलं एक घर दाखवलं. त्या धर्तीचं उदाहरण देतो. समजा, बापाचं नाव गुंडोबर्ट, आईचं हिल्डेट्रूड. मग मुलगा हिल्डेबर्ट आणि मुलगी गुंडट्रूड. म्हणजे आईबापांच्या नावांचे तुकडे मोडायचे आणि मुलांना वाटून द्यायचे. आई-वडिलांच्या कपड्यांतून मुलांचे कपडे शिवावेत तसं. तुकड्यांना अर्थ होता, पण दोन तुकडे जोडल्यावर त्यातून वाक्य निघालंच पाहिजे असा कुणाचा आग्रह नव्हता. मूल कुणाचं आहे हे ऐकणाऱ्याला कळलं की नावाचं काम झालं. ही रीत मला तेव्हा समजली. पटली मात्र फार नंतर, आणि ती वॉल्टरमुळे नाही, आईमुळे.

बाहेरच्या लोकांच्या चौकशांना उत्तरं देणं हे आमच्या कार्यालयात कुणालाच नको असलेलं काम, ते माझ्याकडे आलं. मला ते आवडायचं. एका जेरार्डनं दंडावर 'शूर भाला' असं गोंदवून घेतल्यावर मला फोन केला आणि बरोबर आहे ना, असं विचारलं. मी म्हटलं, भाला नक्की आहे. बेलव्ह्यूहून एका मराठी जोडप्याचा फोन आला. त्यांना मुलीसाठी इथल्या टीचरला म्हणता येईल, नागपूरच्या आजीला आवडेल आणि ज्याचा अर्थ 'युनीक' असेल असं नाव हवं होतं. नवरा म्हणाला, "सर, आम्ही एक्सेल शीट केलंय, तुम्ही फक्त फायनल करा." मी त्यांना आजीचंच नाव काय ते विचारलं. आजीचं नाव एमाच्या इतकं जवळ निघालं की त्यांना शीटची गरज उरली नाही. आजीचं नाव उमा होतं.

लोकांना अर्थ हवा असतो, आणि तो गोड हवा असतो. आमच्या धंद्यात गोड बोलायचा मोह सतत असतो. इंटरनेटवर नावांचे अर्थ देणारे लोक त्या मोहावरच जगतात. वॉल्टर म्हणायचे, माहीत असेल ते सांगा, बाकी 'बहुधा' म्हणा. निवृत्तीच्या समारंभात सहकाऱ्यांनी मला एक कप दिला. त्यावर तेवढंच लिहिलेलं आहे: बहुधा.

आता आईचं सांगतो. काही वर्षांपूर्वी आई आमच्याकडे आली होती. थंडीत घसरून पडली, डोक्याला लागलं, म्हणून इस्पितळात नेलं. तिथे मार लागलेल्या म्हाताऱ्या माणसाला शुद्ध आहे की नाही हे पाहायला साधे प्रश्न विचारतात. माझी बायको मीनल दुभाषी झाली. आईनं गाव सांगितलं, सण कुठला येऊन गेला ते सांगितलं, सून काय काम करते तेही स्वतःच्या पद्धतीनं सांगितलं. मग नर्सनं माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, हे कोण? मुलगा. त्यांचं नाव काय?

आई गप्प. नर्सनं पुन्हा विचारलं. आई मीनलला म्हणाली, "तू सांग." नर्स म्हणाली, नाही, त्यांनीच सांगायला हवं. आईनं पदर तोंडाला लावला आणि मान फिरवली. नर्सचा चेहरा पडला. तिनं माझ्याकडे फार कणवेनं पाहिलं आणि संगणकावर काहीतरी टिपलं. स्वतःच्या मुलाचं नाव विसरणं म्हणजे काय, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"आई, ती समजतेय की तुम्ही विसरलात," मीनल म्हणाली.

"इसरले नाही बाई," आई म्हणाली. "घेत नाही."

मी डॉक्टरांना सगळी रीत समजावून सांगितली. आजोबांना जाऊनही पंचवीसेक वर्षं झाली आहेत, हे मात्र सांगितलं नाही. त्यांना आणखी गोंधळात कशाला टाका? घरी परतताना गाडीत मी आईवर थोडा वैतागलो. म्हटलं, अगं, निदान इस्पितळात तरी माझं नाव घ्यायचं.

आई खिडकीबाहेरचा बर्फ बघत होती. "तुझं नाव तुझं कुठंय?" ती म्हणाली. "ते मामाजींचं आहे. तुला वापरायला दिलंय." मामाजी म्हणजे तिचे सासरे, माझे आजोबा.

वॉल्टरनी दाखवलेली ती मठाची यादी मला त्या वाक्यानंतर पटली.

पुढल्या हिवाळ्यात कॅरन नावाच्या एका बाईचा फोन आला. तिचे वडील गेले होते. इथे जमीन गोठलेली असली की थडग्याचा दगड वसंतात बसवतात, आणि नवरा-बायकोचा एकच जोडदगड असतो. जिवंत जोडीदाराचं नावही तेव्हाच कोरून घेतात, पुढची तारीख मोकळी ठेवतात. कॅरनच्या आईला सगळं गाव जिनी म्हणायचं. खरं नाव हिल्डेगुंड. आईचा हट्ट होता की दगडावर जिनीच कोरायचं. खरं नाव तिला आयुष्यभर नकोसं होतं. चर्चच्या वर्गात पाद्र्यानं सगळ्या मुलांसमोर तिला सांगितलं होतं की हिल्ड म्हणजे युद्ध, गुंड म्हणजेही युद्ध; तुझं नाव युद्ध-युद्ध. पोरांनी तिला भंडावून सोडलं. पण तिला लागलं होतं ते वेगळंच. वडील जर्मनीहून आलेले, कडक, अबोल. हिच्या पाठीवर आणखी भावंडं झाली, त्यांची नावं जॉन, मेरी अशी इथली. मग माझंच नाव असं का, आपण वडिलांना नकोशा होतो का, हे तिनं त्या वर्गापासून मनात धरलं होतं.

"दगड कापणारा थांबलाय," कॅरन म्हणाली. "मला एवढंच सांगा, तो अर्थ खरा आहे का?"

मी म्हटलं, खरा आहे. मग मी विचारलं, तुमच्या आईच्या आज्यांची नावं काय होती? कॅरनला माहीत नव्हतं. त्या तिकडेच राहिल्या, म्हणाली, आईनं त्यांना कधी पाहिलं नाही. आईला विचारते म्हणाली. पण आईनं नावाचा विषय निघताच फोन ठेवून दिला. म्हणून एका शनिवारी मीच गेलो. जर्मन शेतकऱ्यांनी वसवलेलं छोटं गाव, दीड-दोन तासांवर. निघताना मीनल म्हणाली, "डबल गुंड बाईंना भेटायला चाललास, जपून रे."

जिनी नव्वदीला टेकलेली, लहानखुरी, कानानं थोडी कमी. तिनं मला सफरचंदाचा केक दिला आणि आधी माझंच नाव विचारलं. अर्थही विचारला. मी सांगितला.

"फूल," ती कॅरनला म्हणाली. "बघ, ह्यांच्या आईवडिलांना मूल झाल्याचा आनंद झाला होता."

मी म्हटलं, ते माझ्या आजोबांचं नाव आहे, आणि आजोबांच्या अंगावर फुलासारखं काहीही नव्हतं. जिनिंगमध्ये कापसाचे गठ्ठे उचलायचे ते. मग आईचा इस्पितळातला किस्सा सांगितला. जिनी खूप हसली, डोळे पुसले. म्हणाली, तुमची आई मला आवडली. त्या हसण्याच्या ओघातच मी तिला आज्यांची नावं विचारली.

"नावं? छे. आम्ही फक्त ओमा म्हणायचो." ओमा म्हणजे आजी. "वडील रोज रात्री आमच्याकडून प्रार्थना म्हणून घेत. आधी तिकडच्या लोकांसाठी. डोळे उघडले तर चापट मिळायची."

"कशी होती प्रार्थना?"

तिनं हात जुळवले, डोळे मिटले. ऐंशी वर्षांपूर्वीच्या चालीत, लहान मुलं पाढे म्हणतात तसं एका दमात ती जर्मनमध्ये म्हणू लागली. देवा, सांभाळ तिकडचं आमचं शेत, सांभाळ हान्सकाकाला, सांभाळ ओमा हिल्डेला, ओमा गुंडेला...

तिथे ती थांबली. डोळे मिटलेलेच होते. मग फक्त ओठ हलले, पुन्हा ती दोन नावं, एकापाठोपाठ एक.

कॅरन माझ्याकडे पाहायला लागली. मी तिला हातानंच थांब म्हटलं. या धंद्यात माझं सगळ्यात चांगलं काम मी तेव्हा केलं, आणि ते म्हणजे गप्प बसलो.

"पहिली मुलगी मी," डोळे उघडून जिनी म्हणाली. "बोटीतून उतरल्यावर झालेली पहिली." आणि मग माझ्याकडे वळून, थोडी रागावूनच: "त्यांनी हे मला सांगायला नको होतं का?"

मला जे माहीत होतं ते मी सांगितलं. हिल्डे हे बहुधा हिल्डेगार्ड असणार, गुंडे हे बहुधा कुनिगुंड. आज्यांच्या नावांतून नातीचं नाव जोडायची रीत त्यांच्याकडे हजार वर्षांहून जुनी आहे. तुमच्या वडिलांच्या मनात तेच होतं याचा पुरावा मी देऊ शकत नाही. बहुधा होतं.

"बहुधा," ती म्हणाली. "रोज रात्री म्हणून घेत होते माझ्याकडून. आणि तुम्ही म्हणता बहुधा." मग कॅरनला म्हणाली, "ह्यांना केक बांधून दे. घरी आई आहे त्यांची."

आई तोवर मलकापूरला परतली होती. मी केक घेतला.

एप्रिलच्या शेवटी कॅरननं दगडाचा फोटो पाठवला. नवऱ्याच्या नावाशेजारी हिल्डेगुंड, सगळी अक्षरं, जिनीचा मागमूस नाही. खाली अर्थ वगैरे काही नाही. मी तो फोटो वॉल्टरना दाखवायला नेला. ते तेव्हा वृद्धाश्रमात होते. त्यांनी तो बराच वेळ हातात धरला आणि म्हणाले, छान खोदलंय.

कोशात हिल्डेगुंड या नोंदीत मी जिनीचं काहीही लिहिलेलं नाही. एका बाईची आठवण हा आमच्या शास्त्रात आधार होत नाही. त्याचं मला वाईट वाटतं. म्हणून इथे लिहिलं. आई गेल्या वर्षी गेली. माझं नाव तिनं शेवटपर्यंत घेतलं नाही. ते वापरून परत करायचं आहे हे तिच्यासारखं कुणी मला सांगितलं नव्हतं. गेल्या महिन्यात अकोल्याला मुलाकडे राहणाऱ्या खेडकर बाईंचा पत्ता मिळाला, आणि मी त्यांना हे पत्र लिहिलं.

आदरणीय बाई,
साष्टांग नमस्कार.

मी गुलाब इंगळे, मलकापूर, तुमच्या पाचवीच्या वर्गातला. तुमच्या ओट्यावर जर्मन शिकलो तो. त्याच भाषेवर माझी सगळी नोकरी झाली. आता निवृत्त झालो. तुम्ही वडिलांना दिलेला शब्द पाळायची वेळ तुमच्यावर आली नाही, हे कळवायला इतकी वर्षं लावली.

सोबत एका थडग्याच्या दगडाचा फोटो पाठवतो आहे. घाबरू नका, ती बाई अजून ठणठणीत आहे. तिचं नाव तिच्याच प्रार्थनेत तिला कसं सापडलं, ते दुसऱ्या कागदावर सविस्तर लिहिलं आहे. ती प्रार्थना जर्मनमध्ये आहे, तुम्हाला वाचता येईल. मोठ्यानं वाचा. तुमचे उच्चार माझ्यापेक्षा चांगले होते.

बाई, मी जन्मभर परक्या माणसांना विचारत आलो की तुमचं नाव कुठून आलं. तुम्हाला विचारायचं राहिलं. तुम्ही एकदा वर्गात म्हणाला होतात, निर्मला हे तांदळातलं नाव. त्याआधी तुम्हाला घरी काय म्हणत होते? कुणी ठेवलं होतं? कुणाचं होतं?

अर्थ नको. नुसतं नाव कळवा. तुम्ही माझं घेतलं होतं तसं मला ते एकदा मोठ्यानं घ्यायचं आहे. तुम्ही फक्त हजर म्हणा.

तुमचा,
गुलाब